पाण्यात पाहिलेला कप्तान

टाकेवालीचं दुकान रस्त्याच्या पातळीखाली होतं. सात पायऱ्या उतरून जावं लागे, आणि आत बसलं की एकुलत्या एका खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. बावीस वर्षं ती त्या खिडकीखाली जाड कापडाच्या मशीनवर बसून डोंगरावर जाणाऱ्यांचे तंबू, पाठीवरच्या सॅका, स्लीपिंग बॅगा दुरुस्त करत होती. त्यामुळे गिऱ्हाइकाचा चेहरा दिसायच्या आधी तिला त्याचे बूट कळत. "हा कोरे करकरीत बूट घालून थेट वर निघालाय," ती म्हणायची, "आठवड्यानं लंगडत येईल बघ." आणि तो येई.

बाई फटकळ होती. पण तिचा टाका म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं गावातले सगळे गाईड मानत. निदान नऊ वर्षांपूर्वीपर्यंत मानत होते.

तिचा धाकटा भाऊ गाईड होता. आईबाप लवकर गेल्यामुळे तिनंच त्याला वाढवला होता. तो काम करायचा कप्तानाकडे. हा कप्तान जहाजावरचा नव्हे की सैन्यातला नव्हे. शाळेत कधीतरी संघाचा कप्तान होता, तेवढ्या भांडवलावर जन्मभर ते नाव मिरवत होता. पर्यटकांना डोंगरावर नेणारी गावातली सगळ्यात मोठी कंपनी त्याची. बोलण्यात असा गोड, की त्याच्याशी बोलून परतलेला माणूस घरी जाऊन हात धुवेल.

नऊ वर्षांपूर्वी, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, कप्तानानं एक मोठा तंबू तिच्याकडे आणून टाकला. एका बाजूला वीतभर फाटला होता. तिनं तो उलटा करून उजेडात धरला, बोटानं चोळला, तर आतला लेप कोंड्यासारखा झडून तिच्या मांडीवर पडला.

"साहेब, ह्याचा लेप गेलाय," ती म्हणाली. "फाटलेलं मी शिवीन, पण पाणी शिलाईतून नाही, अख्ख्या कापडातून येणार. हा अंगणात लावा, पोरं खेळतील."

"तू शिव गं, बाकीचं मी बघतो."

तिनं शिवला. आणि चेनला दोऱ्यानं एक पिवळी चिठ्ठी घट्ट बांधली: 'पाणी अडवत नाही. बर्फावर नेऊ नये.' खाली सही, तारीख. अशी चिठ्ठी ती नेहमीच बांधायची.

तो तंबू बर्फावर गेला. आणि त्याच्याबरोबर गेला तिचा धाकटा.

वर दोन दिवस वादळ होतं. पहिल्याच दिवशी तंबूत पाणी आलं, स्लीपिंग बॅगा भिजल्या, हातमोजे भिजले. सहा पर्यटक आत कुडकुडत होते. मदत आणायला कोणीतरी खाली उतरायला हवं होतं. धाकटा उतरला, ओल्या हातमोज्यांनी दोर धरत. पर्यटक सगळे जगले. धाकट्याचे दोन्ही अंगठे आणि डाव्या हाताची दोन बोटं राहिली. बाकीची सहा काळी पडली आणि डॉक्टरांना काढावी लागली. ज्या हातांनी तो डोळे मिटून गाठी मारायचा, त्या हातांना शर्टाचं बटण लावता येईना.

ती इस्पितळात त्याच्या उशाशी बसलेली असताना कप्तानानं चौकशीचा अहवाल लिहून दिला. त्यात एकच कारण होतं: 'तंबूची शिलाई ऐनवेळी उसवली. शिलाई करणारीचा निष्काळजीपणा.'

ती तडक त्याच्या कचेरीत गेली. "चिठ्ठी कुठंय?"

"कसली चिठ्ठी?"

"पिवळी. मी बांधलेली."

"बाई, भावाचं झालं ते वाईट झालं," कप्तान डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. "पण म्हणून माझ्यावर ढकलू नका. तुमचा टाका कच्चा निघाला, मी एका शब्दानं तरी बोललो का तुम्हाला?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण करणार काय? चिठ्ठीची नक्कल नव्हती, साक्षीदार नव्हता, आणि तंबू कप्तानानं 'आता काय ठेवायचा' म्हणून जाळून टाकला होता. अहवाल चौकातल्या फलकावर महिनाभर लागला होता. गाईड लोक तिच्या खिडकीवरून जाताना पाय उचलून जाऊ लागले. वर्षभर तिच्याकडे पडद्यांच्या झालरींशिवाय काम नव्हतं. धाकटा दुकानात बसू लागला. चेन तपासायचा, दाताखाली दोरा धरून गाठ ओढायचा, गिऱ्हाइकांशी थट्टा करायचा. "ताईनं मला ठेवलाय कारण मी बोटं मोडत बसत नाही," म्हणायचा. लोक हसायचे, ती नाही.

शेजारचा चांभार एकदा तिला म्हणाला, "सोडून दे की आता. किती दिवस त्याला पाण्यात पाहशील?"

"जोवर खरोखर पाण्यात दिसत नाही तोवर," ती म्हणाली.

एकदा तर संधी चालत आली. चौथ्या वर्षी कोणा नोकराच्या हातून एक सॅक दुरुस्तीला आली, खांद्याचा पट्टा सुटलेली. आतल्या खिशावर कप्तानाचं नाव होतं. तो स्वतः त्याच आठवड्यात कड्यावरच्या वाटेनं जाणार, हे गावाला ठाऊक होतं. टाकेवालीनं सुई हातात धरली आणि बराच वेळ नुसती बसून राहिली. वरून धड दिसणारा, ओझं आलं की सुटणारा टाका कसा घालायचा हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार!

धाकट्यानं समोरून पाहिलं. त्याच्या तोंडावर 'नको' असं काही नव्हतंच. उलट तो जरा पुढे सरकून बसला.

तिनं पट्टा शिवला. तिहेरी, मेण लावलेल्या दोऱ्यानं.

"का गं?" धाकटा म्हणाला.

"माझा टाका उसवला असं तो खोटं बोलला. ते मी स्वतःच्या हातानं खरं करून देऊ?"

त्या दिवसापासून तिला वाट सापडली. कप्तानाचं सगळं दुकान एका गोष्टीवर चालत होतं: येणाऱ्या माणसाला काही माहीत नसतं. तो हसून म्हणणार, "तुम्ही फक्त या, बाकी सगळं आमचं," आणि लोक माना डोलावणार. तर आता तिच्या पायऱ्या उतरणाऱ्या प्रत्येकाला माहिती असली पाहिजे. फाटकी पिशवी घेऊन आलेला माणूस शिलाई होईपर्यंत स्टुलावर बसायचा, आणि तेवढ्यात टाकेवाली त्याची शाळा घ्यायची. नवे बूट महिनाभर बाजारहाटाला घालून फिरा. मोजे दोन जोड जास्त, आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत. अंगालगत सुती कपडा नको, भिजला की त्याचं अंगावर थंड पाण्याचं पोतेरं होतं. जड सामान पाठीलगत, मधोमध. रोज लागणारं वर. आणि ज्याच्याबरोबर जाणार त्याला विचारा: तंबू कधीचा, दोर कधीचा, शेवटचा तपासला कोणी. शरमू नका. भाजी घेताना देठ मोडून बघता, इथे तर जीव त्याच्या हवाली करायचाय.

लोक विचारू लागले. कप्तान उडवाउडवीची उत्तरं देऊ लागला. दरवर्षी चारदोन गट त्याच्याकडून निसटून दुसरीकडे जाऊ लागले. ही वाळवी होती. लाकूड वरून धडधाकट दिसत होतं, आतून भुसा होत होता. टाकेवालीला ते कळत होतं, आणि घास गोड लागत होता. पण भूक काही भागत नव्हती.

नवव्या वर्षी हेडबाई आल्या. साठीच्या पुढच्या, मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या मागे अकराजणी पायऱ्या उतरल्या, सगळ्या निवृत्त शिक्षिका. दुकानात उभं राहायला जागा उरली नाही.

"आम्हाला डोंगरावर जायचंय," हेडबाई म्हणाल्या. "जन्मभर नकाशावर दाखवला, आता बघायचाय. कप्तानांकडे नाव नोंदवलंय. सामान घेऊन आलोय, काय चुकलंय ते सांगा."

टाकेवालीनं कप्तानाचं नाव ऐकलं आणि मशीन थांबवलं. धाकट्यानं हातातली चेन खाली ठेवली.

तीन आठवडे बाराजणी एक दिवसाआड येत होत्या. टाकेवालीनं त्यांना जिने चढायला लावले, सॅकेत विटा घालून. बूट घालून बाजार करायला लावला. एकीनं केस वाळवायचं यंत्र आणलं होतं, ते काढून ठेवलं. दुसरीनं लोणच्याची बरणी लपवली होती, ती धाकट्यानं वासावरून पकडली. एकीचा गुडघा दुखरा होता, तिला दोन काठ्या घेऊन उतरायला शिकवलं. धाकटा उरलेल्या बोटांनी स्टोव्ह पेटवून दाखवायचा आणि म्हणायचा, "मला जमतं, तुम्हाला न जमायला काय झालं?"

शेवटच्या आठवड्यात हेडबाईंनी धाकट्याला सरळ विचारलं, "तुमच्या हाताला काय झालं?"

टाकेवालीनं सगळं सांगितलं. तंबू, चिठ्ठी, अहवाल. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. हेडबाईंनी चष्मा काढून पुसला.

"पुरावा?"

"नाही."

"मग त्याच्याच तोंडून यायला हवं," हेडबाई म्हणाल्या. खोटं बोलणाऱ्या मुलींना चाळीस वर्षं समोर उभं केलेली बाई होती ती. "निघायच्या आधी त्यांच्याकडे तयारीची बैठक आहे. तुम्ही दोघंही चला."

कप्तानाच्या कचेरीमागे फरसबंद आवार होतं. थंडी सरत आली होती, तरी डोंगरावरून बोचरा वारा येत होता. आवाराच्या मधोमध एक नवाकोरा तंबू उभा करून ठेवला होता. कप्तान फिक्या निळ्या सुती शर्टात, बाह्या दुमडून, हसत पुढे आला. बाराजणींनी आधी त्याचा शर्ट पाहिला आणि एकमेकींकडे पाहिलं.

मग त्याला टाकेवाली दिसली. "ह्या इथे कशाला?"

"आमचं सामान त्यांनी तयार केलंय," हेडबाई म्हणाल्या. "हा तंबू सुंदर आहे. पण आम्ही झोपणार तो कुठला?"

"असलाच."

"असला नको. तोच दाखवा."

कोठारातून तंबू निघाले. त्यातला सात नंबरचा हेडबाईंनी निवडला आणि तिथेच उभा करवला. वरून नुकताच काहीतरी फवारा मारून चकचकीत केलेला होता. टाकेवालीनं हात लावला नाही. लांबूनच, उघड्या दारातून आत पाहिलं. फवारा वरचा होता. आतला लेप सोलून निघत होता, अगदी तसाच.

"पाणी येत नाही ना ह्यात?"

"थेंब येणार नाही, बाई. माझा शब्द."

"मग तुम्ही आत बसा," हेडबाई शांतपणे म्हणाल्या. "एक तास. आम्ही बाहेरून पाणी मारतो. कोरडे बाहेर आलात तर आम्ही बाराजणी तर येऊच, पण आमच्या संघटनेत दोनशेजणी आहेत, त्यांनाही तुमचंच नाव सांगीन."

कप्तानानं टाकेवालीकडे पाहिलं. हंगाम वाईट चालला होता. दोनशे बायका म्हणजे दोन वर्षांची बेगमी. आणि त्याचे चार गाईड भिंतीला टेकून बघत उभे होते. तो मोठ्यांदा हसला. "बसतो की! त्यात काय!"

नळी धाकट्यानं धरली. दोन अंगठे, दोन बोटं, आणि कोपरानं दाब. पाणी डोंगरातून नळानं येणारं होतं, दात कडकडतील इतकं गार. तंबूवर फवारा बसला तसा ताड्ताड् आवाज सुरू झाला. हेडबाई खुर्ची टाकून मनगटावरच्या घड्याळाकडे बघत बसल्या, परीक्षेच्या वर्गात बसाव्यात तशा.

दहा मिनिटांनी त्यांनी विचारलं, "कसं आहे आत?"

"एकदम कोरडं!"

वीस मिनिटांनी: "को-कोरडं आहे!"

टाकेवालीला आतलं सगळं बाहेरून दिसत होतं. आधी छताच्या मधोमध काळपट डाग येणार. मग थेंब. मग तळाच्या कोपऱ्यात पाणी साचणार, आणि माणूस सरकत सरकत मधे येणार, मग मधेही जागा उरणार नाही. धाकट्यानं तिला हे शंभरदा सांगितलं होतं. चाळीस मिनिटांनी आत कप्तान सरकल्याचा आवाज आला.

"हवं तर बाहेर या," हेडबाई म्हणाल्या. "नाव तेवढं आम्ही काढून घेऊ."

"नको, नको. म-मजेत आहे."

एका गाईडला हसू फुटलं. टाकेवाली हसली नाही. तिनं मांडीवरच्या थैलीचा बंद घट्ट धरला होता. थैलीत लोकरीचं ब्लँकेट होतं आणि थर्मासमध्ये गरम गोड पाणी. असं काही सोबत ठेवल्याशिवाय कोणाला थंडीपाण्यात घालायचं नाही, हे तिनंच बाराजणींना शिकवलं होतं.

"झाला तास," हेडबाई म्हणाल्या.

"माझ्या घड्याळात दोन मिनिटं बाकी आहेत," धाकटा म्हणाला. त्याच्या मनगटावर घड्याळच नव्हतं. कोणी हरकत घेतली नाही.

कप्तान बाहेर आला तेव्हा निळा शर्ट अंगाला चिकटला होता, ओठही त्याच रंगाचे झाले होते. वारा लागला तसा तो मुळापासून थरथरला. आतून पाण्याचा लोट त्याच्याबरोबर बाहेर आला. कोरडे कपडे मागायला त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि त्याची नजर टाकेवालीच्या थैलीवर पडली. तिनं ब्लँकेट बाहेर काढलं. उलगडलं. आणि हातातच ठेवलं.

"चिठ्ठी होती की नव्हती?"

"बाई, गारठलोय मी—"

"माझा भाऊ दोन दिवस गारठला होता. चिठ्ठी होती की नव्हती?"

एक शिक्षिका पुढे आली. "अहो, आधी द्या की त्यांना, मग विचारा—"

"देते," टाकेवाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे तो जास्तच ऐकू आला. "एवढं सांगितलं की देते."

वारा वाहत होता. चौघे गाईड भिंतीपासून सुटून जवळ आले होते. त्यांच्यातल्या दोघांनी नऊ वर्षांपूर्वी तिच्याकडे जाणं सोडलं होतं. कप्तान त्यांच्याकडे, मग धाकट्याच्या हातांकडे, मग ब्लँकेटकडे पाहत राहिला. दातांच्या आवाजात त्याचे शब्द तुकड्यातुकड्यांनी आले.

"होती. पि-पिवळी. मीच काढली. दुसरा तंबू नव्हता माझ्याकडे."

"शिलाई उसवली होती?"

"नाही. शिलाई धड होती."

तिनं ब्लँकेट त्याच्या खांद्यांवर टाकलं. मग ती कामाला लागली, आणि ते काम तिनं नीट केलं. ओला शर्ट काढायला लावला, आत नेऊन बसवला, गोड पाणी घोटघोट पाजलं. तोवर हेडबाईंनी त्याच्याच मेजावर बसून, सुवाच्य अक्षरात, सगळं कागदावर उतरवलं. साक्षीदार म्हणून बाराजणींच्या आणि चौघा गाईडांच्या सह्या झाल्या. कप्तानाची राहिली. त्यानं पेन धरलं, ते सुटून पडलं. पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. बोटं वळत नव्हती.

"घाई नाही," टाकेवाली म्हणाली. "बसा. तुमची बोटं येतील परत."

अर्धा तास ती त्याच्यासमोर बसून राहिली. धाकटा दारात उभा होता. बोटं परत आली. सही झाली.

तो कागद गाईडांच्या संघटनेकडे गेला, आणि तिथून परवाने देणाऱ्या कचेरीत. कप्तानानं आधी 'जबरदस्तीनं लिहून घेतलं' म्हणून कांगावा केला. पण सोळा साक्षीदार, त्यात बारा मास्तरणी, त्यांच्यापुढे कोणाची डाळ शिजणार! जुना अहवाल रद्द झाला, कोठारातले एकोणीस तंबू बाद झाले, आणि त्या हंगामाचा परवाना त्याला मिळाला नाही. पुढच्या वर्षी त्यानं अर्जच केला नाही. आता तो समारंभांना मांडव आणि खुर्च्या भाड्यानं देतो. ती कामं कोरड्या दिवसांतली असतात.

बाराजणींना चौघा गाईडांनी वर नेलं. धाकटा खालच्या तळापर्यंत गेला, नऊ वर्षांनी पहिल्यांदा. सगळ्या सुखरूप परतल्या. एकीला तेवढा टाचेला फोड आला होता.

परतल्यावर हेडबाई एकट्याच दुकानात आल्या, स्टुलावर बसल्या, बर्फाबद्दल भरभरून बोलल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "एक बोलू का? तुम्ही ते ब्लँकेट हातात धरून ठेवलंत, ते मला आवडलं नाही. मी मधे पडायला हवं होतं, पडले नाही. तेही आवडलं नाही."

टाकेवालीनं दोरा तोडला. "मलाही नाही आवडलं," ती म्हणाली. "पण उद्या तीच वेळ आली, तर मी पुन्हा तेच करीन."

कोपऱ्यातून धाकटा म्हणाला, "तुझ्या जागी मी असतो तर अजून जरा उशिरा दिलं असतं."

"गप रे," टाकेवाली म्हणाली, आणि टाचेला फोड आलेल्या बाईंचे बूट आणलेत का, म्हणून तिनं हेडबाईंपुढे हात केला.